दार उघडल्यावर

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी कसं बोलावं हे शिकवणारी शाळा कुठे असती, तर मिस्त्री तिथे हेडमास्तर झाले असते. बंद दाराला तोंड लावून हा माणूस असं काही बोलायचा, की आत रडकुंडीला आलेला गृहस्थ थोड्याच वेळात आपल्या जावयाच्या तक्रारी सांगायला लागायचा. कंपनीतल्या पोरांनी त्यांना ‘आकाशवाणी’ असं नाव ठेवलं होतं ते काही उगीच नाही. कुठून तरी नुसता आवाज येतो, धीर देतो, माणूस काही दिसत नाही.

पण एकदा का दार उघडलं, की आकाशवाणी बंद! समोर हाडामांसाचा माणूस उभा राहिला की मिस्त्रींची जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. लोक हात हातात घेऊन आभार मानायचे, चहाला बोलवायचे, एक बाई तर पाया पडायला वाकल्या होत्या. आणि हे आपले मान हलवून, हत्यारांची पिशवी उचलून जिन्याने खाली. हो, जिन्यानेच. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टने का जात नाही, असं कुणी विचारलं तर ते व्यायामाचं कारण सांगायचे. खरं कारण एवढंच, की लिफ्टमध्ये शेजारी कुणी उभं असलं तर त्याच्याशी बोलायचं काय?

त्यांची एक युक्ती होती. अडकलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही. घाबरू नका म्हटलं की न घाबरलेलाही घाबरतो. त्याला पुढचं विचारायचं. उद्या काय करणार, सुट्टीत कुठे जाणार, मुलीला कुठल्या शाळेत घालणार. माणूस उद्याचं बोलायला लागला की त्याला आपोआप वाटतं, अरे, म्हणजे आपण इथून बाहेर पडणार आहोत! आणि वर्ष संपत आलं की मग काय, प्रश्न आयताच हातात. “मग, पुढच्या वर्षी काय ठरवलंय?” या एका प्रश्नावर मिस्त्रींनी किती जणांना शांत केलं असेल, देव जाणे. कुणी वजन उतरवणार होतं, कुणी सिगारेट सोडणार होतं, कुणी भावाशी पुन्हा बोलायला लागणार होतं. अख्ख्या गावाची नवी वर्षं त्यांनी दाराच्या फटीतून ऐकली होती.

मिस्त्रींना हा प्रश्न कुणी विचारत नसे. घरात तर विचारायची पद्धतच नव्हती, थेट उत्तर हातात दिलं जायचं. हा बायकोचा कायदा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळच्या चहाला, यांनी तिला पुढच्या वर्षासाठी एक काम द्यायचं आणि तिने यांना. आपलं आपण ठरवायचं नाही. “आपलं आपण ठरवलं की माणूस सोयीचं ठरवतो,” ती म्हणायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची; कुणाला कुठलं औषध लागू पडेल हे आपल्याला तोंड बघून कळतं, असा तिचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. मिस्त्रींनी तिला एका वर्षी सायकल शिकायला लावलं, तेही चाळिशी उलटल्यावर. कोपर फोडून घेतलं पण शिकली. तिने एकदा यांना काम दिलं होतं, भाचीच्या लग्नातल्या फोटोत मागे लपायचं नाही. लपले नाहीत बिचारे. त्या फोटोत पुढच्या रांगेत असे उभे आहेत, जसं काही पोलिसांनीच पकडून आणलंय.

गेल्या वर्षी तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “यंदा तुम्ही दार उघडल्यावर बोलायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? जगाशी दाराआडून गप्पा मारता, आणि स्वतःच्या घरात किल्लीने दार उघडून मांजरासारखे येता. मी आपली ओट्याशी असते, मागे वळते तर हे उभे! एक दिवस हातातली कढई टाकेन तुमच्या पायावर. दार उघडलं की ‘आलो गं’ म्हणायचं. दोन शब्द. जमेल?”

“बघू,” मिस्त्री म्हणाले.

“बघू नाही, हो म्हणा. आणि मला काय देताय?”

मिस्त्रींना थट्टा जमायची नाही. वर्षातून एखादी करायचे, ती त्यांनी नेमकी त्या दिवशी केली. “तू जरा कमी बोल,” ते म्हणाले. ती इतकी हसली, की चहा नाकात गेला.

थंडी सरायच्या आत ती गेली. आजार नाही, पाजार नाही. दुकानात एका म्हाताऱ्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावता समजावता खाली बसली, ती उठलीच नाही. आणि तोवर मिस्त्रींनी ‘आलो गं’ एकदाही म्हटलेलं नव्हतं. म्हणणार होते हो! रोज जिना चढताना शब्द ओठांवर यायचे, किल्ली फिरवेपर्यंत असायचे, आणि दार उघडलं की लाज वाटायची. एवढा संसार झाल्यावर आता हे काय नाटक? वर्ष मोठं आहे, म्हणू केव्हातरी, असं ते मनाशी म्हणायचे. वर्ष मोठंच होतं. तिला पुरलं नाही.

उरलेलं वर्ष कसं गेलं म्हणाल, तर गेलं. मिस्त्री उभ्या उभ्या जेवायला शिकले. तिच्या कपात कुणी चहा पीत नव्हतं, तरी त्यावर धूळ बसते म्हणून रोज धुवायला शिकले. जिन्याखाली तिची सायकल होती, तिच्या चाकांत अधूनमधून हवा भरून ठेवायचे. कशासाठी, असं शेजाऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “टायर खराब होतो.” संध्याकाळी घरी येण्याचा मात्र त्यांना धसका बसला होता. किल्ली फिरवायची, दार ढकलायचं आणि आत जायचं, एवढंच तर काम. पण दार उघडलं की ते दोन शब्द घशात काट्यासारखे अडकायचे. रिकाम्या घराला काय ‘आलो गं’ म्हणायचं? वेड लागलंय का? ते तसेच आत जायचे, मांजरासारखे.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी कंपनीत ड्यूटी घ्यायला कुणी तयार नसतं. मिस्त्रींनी मागून घेतली. तक्रारींचे फोन घेणारी मुलगी म्हणाली, “काका, आजच्या दिवशी तरी घरी जा ना, घरचे वाट...” आणि पुढचं गिळून तिने घाईघाईने एक पत्ता सांगितला. जुनी इमारत, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद, आत एक बाई.

मिस्त्री पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. चौथ्या मजल्यावर जाऊन त्यांनी दाराला तोंड लावलं. “आत कोण आहे?”

“मी आहे,” आतून, जरा वरून, आवाज आला. वयस्कर बाईचा, आणि अजिबात न घाबरलेला. “आणि आधीच सांगते, मला ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही. मी नर्स होते. जन्मभर लोकांना तेच म्हणत आले. त्याने कुणी घाबरायचं थांबत नाही.”

मिस्त्री हबकलेच. आत आपल्याच धंद्यातलं माणूस निघालं म्हणायचं!

“नाही म्हणणार, सिस्टर,” ते म्हणाले. “मग, पुढच्या वर्षी काय ठरवलंय?”

आतून खळखळून हसणं. “अच्छा, ही तुमची युक्ती होय! आम्ही बाळंतिणीला विचारायचो, नाव काय ठेवणार म्हणून. चांगली आहे, चालू द्या. तर पुढच्या वर्षी मी कुणाचं ऐकणार नाही. यंदाही ऐकलं नव्हतंच, पण मुलाला वाटत होतं ऐकते. तो लांब असतो, रोज फोन करून विचारतो, गोळी घेतली का? मला विचारतो! अहो, मी अख्ख्या वॉर्डाला गोळ्या दिल्यात. हो म्हटलं की फोन ठेवतो. तेवढंच आमचं बोलणं.”

“वर जाऊन लिफ्ट हलवतो,” मिस्त्री म्हणाले. “जरा हिसका बसेल, कडेला धरून उभ्या राहा.”

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी मेन स्विच बंद केला. आत एकच माणूस, म्हणजे लिफ्ट हलकी. ब्रेक अलगद सोडला की दुसऱ्या बाजूचं वजन तिला आपोआप वर ओढतं. आपण फक्त चाक धरून थोडं थोडं सोडायचं. दोरावर मजल्यांच्या खुणा रंगवलेल्या असतात. पाचव्याची खूण जुळली तसा त्यांनी ब्रेक लावला. लिफ्ट पाचव्या मजल्याला अगदी बरोबर लागली होती. आता खाली उतरून तिकोनी किल्ली दारात घालायची आणि फिरवायची, की संपलं काम.

किल्ली त्यांनी घातलीही. तेवढ्यात आतून आवाज आला. “अहो मिस्त्री, आहात का?”

“आहे.”

“मघाशी मला विचारलंत. तुमचं काय? तुम्ही काय ठरवलंय पुढच्या वर्षी?”

बघा, काय गंमत आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकड्यांनी लोकांना विचारला असेल, पण आतून उलटून कुणी विचारलं नव्हतं. मिस्त्रींचा हात किल्लीवर तसाच राहिला. किल्ली फिरवली की दार उघडणार, आणि दार उघडलं की आपण मुके होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“आलं का हो पाचवं?” सिस्टरांनी विचारलं.

“थोडं राहिलंय,” मिस्त्री म्हणाले.

धडधडीत खोटं! ज्या माणसाने लिफ्टच्या बाबतीत कधी कुणाला खोटा धीर दिला नाही, त्याने ही थाप मारली, आणि मग दाराला कपाळ टेकवून बोलायला लागला. बायकोचा कायदा सांगितला. सायकल सांगितली, फोटो सांगितला. ‘आलो गं’चं काम सांगितलं आणि ते कसं राहून गेलं तेही सांगितलं.

“आणि तुम्ही तिला काय काम दिलं होतं?” सिस्टरांनी विचारलं.

“कमी बोल, असं म्हटलं होतं. थट्टेत. तिनं तिचं काम केलं बघा, सिस्टर. चोख केलं. माझंच राहिलं. आता आज वर्ष संपतंय, पुढचं काम द्यायला कुणी नाही, आणि मागचं करायचं कुणासाठी?”

मिस्त्री तसेच उभे होते. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी जरा बाजूला सरकवावा तसं त्यांना वाटत होतं, आणि तो पुन्हा जागेवर येऊ नये म्हणून ते किल्ली फिरवत नव्हते.

“मिस्त्री,” सिस्टर अखेर म्हणाल्या, “माझे पाय भरून आलेत हो. अजून किती?”

मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

बाई बुटक्या होत्या, ताठ होत्या, हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग खाली. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत. मग किल्लीकडे पाहिलं. जन्मभर डॉक्टरांच्या आधी रोग ओळखलेली ती नजर.

“ही तर केव्हाची लागलीय,” त्या म्हणाल्या.

जीभ टाळूला चिकटली. जिना समोरच होता, पिशवी पायाशी होती. मान हलवायची आणि सुटायचं, आयुष्यभराची सवय. मिस्त्रींनी पिशवीचा बंद धरलाही. मग सोडला.

“हो,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तुम्ही मला विचारलंत तेव्हापासून.”

“मग उघडलं का नाही?”

“उघडलं असतं तर...” मिस्त्रींनी किल्ली दारातून काढून घेतली. “उघडलं असतं तर सांगता आलं नसतं. चुकलं माझं.”

“चुकलं?” सिस्टरांचा आवाज चढला. “अहो, मला केव्हाची लघवीला लागलीय!” आणि त्या समोरच्या दाराकडे अशा सुटल्या, की त्यांचं वय झालंय हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये.

दार उघडंच टाकून त्या आत गेल्या. मिस्त्री पळून जाऊ शकले असते. गेले नाहीत. लिफ्टच्या दाराच्या पट्टीत कागदाचा कपटा अडकला होता, तो काढला, स्विच चालू करून आले, लिफ्ट एकदा खालीवर करून पाहिली आणि बोलणी खायला उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

बोलणी पोटभर मिळाली. “लाज नाही वाटत? माझ्या जागी कुणी दम्याचा पेशंट असता म्हणजे? कुणी पोटुशी असती म्हणजे? तुमचं दुःख तुमच्यापाशी, त्यासाठी दुसऱ्याला कोंडून ठेवायचं? आमच्या वॉर्डात असं कुणी केलं असतं, तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं!” मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. खरं सांगायचं तर, वर्षभरात कुणी त्यांना इतकं मनापासून रागावलं नव्हतं.

दम लागला तशा सिस्टर दाराला टेकल्या. जरा वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “एक सांगू? पेशंट गेला की त्याचं सगळं आम्ही करायचो. अंग पुसायचं, कपडे बदलायचे. तेव्हासुद्धा आम्ही त्याच्याशी बोलायचो. आता हात उचलते हं, आता कूस वळवते हं. मला माझ्या वरच्या सिस्टरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी म्हटलं, अहो, त्यांना ऐकू येतं का? ती म्हणाली, त्यांना येतं की नाही ते मला माहीत नाही, पण न बोलता हात लावला की आपले हात दगडाचे होतात.”

मिस्त्रींनी आपल्या हातांकडे पाहिलं.

“तुम्ही म्हणता, रिकाम्या घराला काय सांगायचं. घर रिकामं आहे हे तुम्ही ठरवलंत. तिने काम देताना, मी असेन तर म्हणा, असं म्हटलं होतं का?”

“नाही.”

“मग? वर्ष अजून संपलेलं नाही. पुढचं पुढे बघू, आधी मागचं पुरं करा. जा.”

मिस्त्रींनी पिशवी उचलली. दोन पायऱ्या उतरले तेव्हा सिस्टर मागून म्हणाल्या, “आणि मला काय देताय? कायदा दोन्ही बाजूंनी आहे ना?”

मिस्त्री वळले. बाईंच्या मागे त्यांची खोली दिसत होती. एक खुर्ची, एक पलंग, गोळ्यांचा डबा, आणि पलंगावर पालथा ठेवलेला फोन. सगळं इतकं नीटनेटकं, की तिथे कुणी येत नाही हे सांगायला नको.

“तुम्ही जरा जास्त बोला,” मिस्त्री म्हणाले.

सिस्टर हसल्या. मग हसू ओसरलं. “कुणाशी?” त्यांनी विचारलं.

मिस्त्री जिन्यात उभे राहिले, कठड्यावरून बोट फिरवत. “ही लिफ्ट जुनी आहे,” शेवटी ते म्हणाले. “दर महिन्याला तपासायला मीच येतो. बेल वाजवीन.”

“वाजवा,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रस्त्यावर दिवे लागले होते. लोक एकमेकांना पुढच्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते, मिस्त्रींना कुणी दिल्या नाहीत. ते सरळ घरी आले. जिन्याखालची सायकल त्यांनी हाताने चाचपली, हवा ठीक होती. जिना चढले, किल्ली काढली. किल्ली फिरवली, दार ढकललं.

आत अंधार होता. ओट्याशी कुणी नव्हतं.

“आलो गं,” मिस्त्री म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही. ओट्याशी नळ चालू असला तर एवढ्याने तिला काय कळणार? पुन्हा मांजरच म्हणेल. त्यांनी घसा खाकरला आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं मोठ्याने म्हणाले, “आलो गं!”

कुणी मागे वळलं नाही. कुणी काही म्हणालं नाही. एवढं बोलणारी बाई, एक अक्षर नाही. आणि मग वर्षभर डोळ्याला पाणी न आलेला हा माणूस, पायातल्या चपला न काढता, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, उंबऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला.

रडून झाल्यावर त्यांनी दिवा लावला, चहा टाकला, तिचा कप धुतलेलाच होता तो आपल्या कपाशेजारी ठेवला. मागे दार सताड उघडं होतं.

“आज काय झालं माहितीये का,” मिस्त्री ओट्याकडे बघत म्हणाले, “एक नर्सबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या...”